गेडचा रंग

अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेने काढली. मुखपृष्ठ रूथ रॉबिन्स यांचे होते: एका तरुणाचा बाजूने दिसणारा ठसठशीत चेहरा, कातडी तांबूस-तपकिरी. हा गेड, शेकडो बेटांच्या एका कल्पित जगातला शेळ्या राखणारा पोरगा, पुढे मोठा मांत्रिक झालेला. नंतर कादंबरीच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतल्या अनेकींच्या मुखपृष्ठावर गेड गोरा झाला. रॉबिन्स यांचे चित्र हेच आपल्या पुस्तकाचे एकमेव खरे मुखपृष्ठ, असे ले ग्विन यांनी पुढे एका उत्तरलेखात म्हटले. त्यांचे हे म्हणणे लेखिकेचा हळवेपणा म्हणून सोडून देण्यासारखे नाही. चुकीच्या मुखपृष्ठाने इथे कथनाचे तंत्रच मोडले आहे, असे मला वाटते.

गेडचा रंग कादंबरीत येतो कसा, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्याच प्रकरणात त्याच्या गावावर कार्गाड बेटांवरचे लुटारू चालून येतात. ते रानटी आहेत, गोऱ्या कातडीचे आणि पिवळ्या केसांचे आहेत, हे लेखिका लगेच सांगून टाकते. गेडच्या रंगाचा तिथे गाजावाजा नाही. पुढे रोक बेटावरच्या विद्यापीठात त्याला व्हेच नावाचा मित्र भेटतो, तेव्हा व्हेच काळा आहे, गेड आणि तिथल्या बहुतेकांसारखा तांबूस-तपकिरी नाही, असे समजते. म्हणजे नायकाचा रंग आपल्याला कळतो तो मित्राच्या वर्णनात, तुलनेपुरता आणि नकारातून. तोवर अमेरिकेतला गोरा वाचक दोन प्रकरणे गेडच्या कातडीत राहून आलेला असतो. हे आपण जाणूनबुजून केले, असे ले ग्विन यांनी नंतर सांगितले आहे. शिवाय कोणत्याही जगात ज्याचा रंग सांगावा लागतो तो परका असतो. घरच्यांचा रंग कोणी सांगत बसत नाही. अर्थसीत परके आहेत ते गोरे. एवढी मोठी उलथापालथ आवाज न करता घडवली आहे.

हा हळू आवाजच मुखपृष्ठाने दाबला. ज्याने हातात घेतानाच गोरा गेड पाहिला आहे, तो व्हेचविषयीच्या त्या वाक्यावरून सहज पुढे सरकतो. पहिल्या ब्रिटिश आवृत्तीवरचा फिकट, मरगळलेला गेड पाहून आपण किंचाळलो होतो, असे ले ग्विन यांनी २००४ साली लिहिले. निमित्त होते त्या वर्षीच्या दूरचित्रवाणी मालिकेचे. तिच्यातही गेड गोराच होता.

चित्रकाराने पुस्तक वाचलेले नसते, असे अशा वेळी म्हटले जाते. त्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला टॉल्किनचा. १९३७ च्या 'द हॉबिट'चे वेष्टन टॉल्किन यांनी स्वतः काढले होते: डोंगर, दाट झाडी, कडेने रून लिपीतला मजकूर. सूर्य त्यांना लाल हवा होता, पण एक रंग वाढला की खर्च वाढतो, म्हणून प्रकाशकाने लाल वगळला. १९६५ साली अमेरिकेत बॅलंटाइनची पेपरबॅक आली तेव्हा मात्र बार्बरा रेमिंग्टन यांच्या चित्रात दोन इमू, लोंबती फळे आणि एक सिंह अवतरला. टॉल्किन वैतागले, पुढच्या छपाईत सिंह गेला. चित्र काढण्यापूर्वी पुस्तक वाचायला मिळाले नव्हते, हे रेमिंग्टन यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. तरी गंमत अशी की त्यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन खंडांसाठी काढलेली सलग चित्रे भित्तिचित्र म्हणून कॉलेजच्या वसतिगृहांत वर्षानुवर्षे लटकली. मलाही ती आवडतात.

इमूने कादंबरीचे काही बिघडले नाही. दहा पाने वाचली की इथे इमू नाहीत हे कोणालाही कळते. चूक विचित्र असल्यामुळे आपोआप पकडली जाते. गोरा गेड पकडला जात नाही, कारण तो अपेक्षेत चपखल बसतो. वास्तववादी कादंबरीवर मुंबईची चाळ चुकीची काढली तर वाचक आपल्या अनुभवाने ती दुरुस्त करून घेतो. अद्भुतकथेच्या जगाला बाहेरचा साक्षीदार नसतो. तिथे मुखपृष्ठ हा पहिला आणि पुष्कळदा एकमेव डोळ्यांनी पाहिलेला पुरावा ठरतो.

रॉबिन्स यांना गेड बरोबर दिसला, याला कारण असावे. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. याही जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ साली रानातून बाहेर आला, तेव्हा त्याच्या सहवासात राहून काम केलेल्यांपैकी ते एक. आई थिओडोरा यांनी इशीची कथा मुलांसाठी लिहिली. ती १९६४ साली याच पार्नासस प्रेसने काढली आणि तिची चित्रे रॉबिन्स यांचीच. गेडच्या चार वर्षे आधी त्यांच्या कुंचल्याने इशी काढलेला होता. हा माझा तर्क आहे, पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की तो पटतो.

मोठ्या प्रकाशनसंस्थांतली अडचण वाचनाची नव्हती. सावळा चेहरा खपत नाही, ही तिथली समजूत. तो चेहरा छापायचाच नाही, तर खपत नाही हे कळले कसे, हे कोणी विचारत नाही. अगदी अलीकडे, २०१० साली, 'मॅजिक अंडर ग्लास' या जॅकलिन डोलामोर यांच्या अद्भुत कादंबरीची नायिका पौर्वात्य वळणाची असूनही मुखपृष्ठावर गोरी मुलगी आली. वाचकांनी ओरड केल्यावर ब्लूम्सबरीने ते मुखपृष्ठ मागे घेऊन नवे केले. म्हणजे करायचे म्हटले तर जमते.

आपणही हसण्याच्या जागी नाही. द्रौपदीचे एक नाव कृष्णा, ते तिच्या वर्णावरून. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्याने देवादिकांचे चेहरे घरोघरी नेले, नंतर कॅलेंडरांनी ते पक्के केले. त्या परंपरेत कृष्ण निळा राहू शकला, कृष्णा मात्र बहुधा गोरीच. व्यासांचा शब्द वाचायला किती जण जातात?

आता अनेक प्रकाशक चेहराच टाळतात. तलवार, वेलबुट्टी, सोनेरी अक्षरे. दिसायला सुबक असतात ही मुखपृष्ठे, पण हा मला प्रश्नाला बगल देण्याचा प्रकार वाटतो. चार्ल्स व्हेस यांनी बगल दिली नाही. 'द बुक्स ऑफ अर्थसी' या एकत्रित आवृत्तीसाठी ते चार वर्षे ले ग्विन यांच्याशी बोलत, कच्ची रेखाटने दाखवत काम करत होते. ड्रॅगन नेमका कसा दिसतो यावरच दोघांचा बराच काथ्याकूट झाला. त्यांच्या पन्नासहून अधिक चित्रांत गेड सावळा आहे. ले ग्विन जानेवारी २०१८ मध्ये गेल्या आणि ग्रंथ ऑक्टोबरमध्ये आला. जवळजवळ हजार पानांचा आहे, पडून वाचायला हात दुखतात. तरीही एखाद्या बारा-तेरा वर्षांच्या वाचकाच्या हाती अर्थसी पहिल्यांदा द्यायचे असेल, तर मी हाच ठोकळा देईन.