कातकऱ्यांचा वारसा कोठें ठेवावा?

आदिवासींच्या संस्कृतीचा गौरव करण्याची रीत आतां आपल्या समाजांत बरीच रूढ झाली आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें १९९४ सालीं ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून ठरविला, आणि अलीकडे त्या दिवशीं गांवोगांवीं मिरवणुकी निघतात, तारपा वाजतो, नाच होतात. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें मुलांना घेऊन संग्रहालयें पाहण्यास जातात, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादें वारली चित्र असणें हें अभिरुचीचें लक्षण मानलें जातें. ज्या लोकांकडे आपल्या आजोबांनीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं त्यांच्याकडे नातवंडें कुतूहलानें पाहूं लागलीं, ही कांहीं वाईट गोष्ट नव्हे. परंतु कौतुक आणि समज या दोन भिन्न वस्तु आहेत. आणि पहिलीच्या भरांत दुसरी मागें पडते कीं काय, याचा विचार एकदां केला पाहिजे.

पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालीं स्थापन झाली. तिचें संग्रहालय हें महाराष्ट्रांतील या विषयाचें एक प्रमुख स्थान होय. मुखवटे, वाद्यें, दागिने, तिरकामठे, बांबूच्या टोपल्या, मासे धरण्याचीं साधनें, शेतीचीं अवजारें अशा वस्तूंचा तेथील संचय खरोखर मोलाचा आहे. तो वेळींच झाला नसता तर त्यांतील कित्येक वस्तु आज पाहावयास मिळाल्या नसत्या. या श्रेयाबद्दल दुमत होण्याचें कारण नाहीं. तथापि अशा प्रकारच्या सर्वच संग्रहालयांची मांडणी एका ठराविक पद्धतीनें होते. दागिन्यांशेजारीं दागिने, वाद्यांशेजारीं वाद्यें. खालीं वस्तूचें नांव आणि जमातीचें नांव. या मांडणींत जागा असते, प्रकार असतो. काळ मात्र नसतो. ही वस्तु केव्हांपासून वापरांत होती, आणि नसल्यास केव्हां व कां सुटली, हें कांचेपलीकडून कळत नाहीं. पाहणाराच्या मनाची समजूत अशी होते कीं, हे लोक अनादि कालापासून असेच राहत आले, आणि त्यांच्या आयुष्यांत कांहीं घडलेंच नाहीं.

ही समजूत किती फसवी आहे हें पाहावयाचें असेल तर रायगडच्या किनाऱ्यालगतच्या कातकऱ्यांचें उदाहरण घ्यावें. केंद्र सरकारनें महाराष्ट्रांतील ज्या तीन जमातींस अतिदुर्बल आदिम जमाती म्हणून गणलें आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी येतात. त्यांचें नांवच मुळीं धंद्यावरून पडलेलें आहे. खैराच्या झाडाचा लाल गाभा तोडून त्याचे बारीक तुकडे करावयाचे, ते पाण्यांत उकळावयाचे, तो अर्क आटवून घट्ट करावयाचा आणि वड्या पाडून वाळवावयाच्या, हा कात. आपल्या घरोघरच्या पानाच्या तबकास ज्यानें रंग आणला तो हाच. पण खैर जंगलांत उगवतो, आणि १८७८ च्या जंगल कायद्यानें जंगल सरकारचें झालें. झाडावर कुऱ्हाड चालविणें हा गुन्हा ठरला, आणि ज्या कामानें एका जमातीस नांव दिलें तें काम तिच्या हातून निसटलें. पुढें ती कोळसा पाडण्याच्या भट्ट्यांवर गेली, आणि आज पावसाळा सरला कीं अनेक कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात तीं उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. आतां सांगा, कात उकळण्याचें मडकें संग्रहालयांत मांडलें आणि त्याशेजारीं १८७८ हा आंकडा लिहिला नाहीं, तर त्या मडक्यानें काय सांगितलें? अर्धें सत्य, आणि तेंहि ज्या अर्ध्यानें कोणाचेंच मन दुखावत नाहीं तें.

दुसरी एक अडचण आहे. 'आदिवासी कला' म्हटली कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें वारली चित्रकला उभी राहते. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंतांनीं तिला जगाच्या बाजारांत मान मिळवून दिला, आणि तो सर्वस्वीं योग्यच आहे. परंतु ती कला मुख्यतः पालघर-ठाण्याकडील वारल्यांची. कातकऱ्यापाशीं भिंतीवर टांगण्याजोगें असें कांहीं नाहीं. त्याचें धन म्हणजे कोणता कंद कसा उकडला असतां त्याचा कडवटपणा जातो, खेकडा कोणत्या बिळांत असतो, मध कोणत्या कड्यावर मिळतो, हें ज्ञान. आणि घरांत बोलली जाणारी पण शाळेच्या उंबरठ्यावर ठेवून यावी लागणारी त्याची बोली. हें धन कपाटांत राहत नाहीं. परिणामीं जी जमात अतिशय दुर्बल, तीच गौरवाच्या सोहळ्यांत सर्वांत मागें उभी राहते.

मग कातकऱ्याचा वारसा पाहावयाचा तो कोठें? माझ्या मतें उरण तालुक्यांतील चिरनेर येथें. २५ सप्टेंबर १९३० रोजीं, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील या गांवालगतच्या अक्कादेवीच्या रानांत जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनीं गोळीबार केला, आणि जे आठ हुतात्मे झाले त्यांत नाग्या महादू कातकरी हें एक नांव आहे. दर वर्षीं त्या दिवशीं तेथें हुतात्म्यांस मानवंदना दिली जाते. स्मारक म्हणून पाहिलें तर त्यांत कलाकुसर फारशी नाहीं. पण पुण्याच्या कपाटांत जें मिळत नाहीं तें येथें मिळतें. येथें कातकरी हा नमुना नाहीं, माणूस आहे. त्यास नांव आहे, आणि त्याच्या मृत्यूस तारीख आहे. चिरनेरनंतर चारच वर्षांनीं, १९३४ सालीं, वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी ग्रंथ मुंबईस प्रसिद्ध झाला, आणि कातकरी हा अभ्यासाचा विषय बनला. अभ्यासाचा विषय होणें आणि इतिहासाचा कर्ता असणें, यांतलें अंतर चिरनेर येथें जितकें स्पष्ट दिसतें तितकें ग्रंथालयांत दिसत नाहीं.

तरीहि चिरनेरचें स्मारक पुरें नाहीं. तेथें घटना आहे, पण तिचें कारण सांगणारी वस्तु नाहीं. रान तोडण्यास निघालेल्या कातकऱ्याचा त्या रानाशीं काय संबंध होता, हें स्तंभावरील नांवांवरून समजत नाहीं. 'हुतात्मा' या एका शब्दांत सर्वांस सारखें केलें कीं मानहि मिळतो आणि प्रश्नहि मिटतो. एका ठिकाणीं मडकें आहे आणि इतिहास नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं इतिहास आहे आणि मडकें नाहीं. दोहोंची गांठ कोणी घातलेली नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, संग्रहालय म्हणजे कांहीं मामलेदाराची कचेरी नव्हे; जमिनीचे तंटे तेथें कशाला आणावे? आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु रायगडांत ज्यास दळी जमीन म्हणतात, ती डोंगरउतारावरील नाचणी-वरीची लागवड, तिचे हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानंतरहि झगडूनच मिळवावे लागले. डॅनियल बकल्स व राजीव खेडकर यांनीं २०१३ सालच्या आपल्या पुस्तकांत दाखविलें आहे कीं, कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या असून त्यांना गांवठाण नाहीं. जमिनीचा भाव चढला कीं कुंपण येतें आणि वाडीवर उठण्याची पाळी येते. ज्याच्या चुलीखालची जमीन त्याची नाहीं त्याच्या चुलीची प्रतिकृति आपण शहरांत मांडावी आणि ती जमीन कोणाची हें सांगूं नये, हा तटस्थपणा नव्हे. ती एक बाजू घेणेंच आहे.

मार्ग नाहीं असें नाहीं. भोपाळचें जनजातीय संग्रहालय २०१३ सालीं उघडलें. त्याच्या उभारणींत आदिवासी कलावंतांचेच हात राबले, आणि त्यामुळें तेथील दालनांत निराळाच जिवंतपणा आला. गुजराथेंत तेजगढ येथें गणेश देवी यांनीं उभारलेल्या आदिवासी अकादमींतील संग्रहालयाचें नांवच 'वाचा' आहे. वस्तूपेक्षां वाणीस मान देण्याची ती कल्पना कातकऱ्यांस विशेष लागू पडते. एखादी वृद्ध कातकरीण आपल्या बोलींत कंदाची ओळख सांगते आहे, शेजारीं कात उकळण्याचें मडकें आहे, त्यामागें जंगल कायद्याचें कलम आहे, आणि त्याखालीं नाग्याचें नांव आहे. एवढी मांडणी करण्यास फार मोठा खर्च येणार नाहीं. धैर्य मात्र थोडें लागेल.

मुलांना संग्रहालय दाखविणाऱ्या आईबापांनीं तोंवर एक करावें. कांचेतील वस्तूचें नांव वाचून पुढें सरकूं नये. ही वस्तु ज्याची त्याच्यापाशीं ती आज आहे काय, आणि नसेल तर कां नाहीं, हें मुलांस विचारूं द्यावें. या प्रश्नानें गौरव कमी होत नाहीं. उलट तो त्यानंतरच खरा होतो; कारण ज्याचें काय गेलें हें आपणांस ठाऊक नाहीं, त्याचें काय उरलें याचें मोल आपण कसें करणार?