शालेय वर्षाची लय आणि रिकामी जागा : ‘शाळा’ या कादंबरीचे माकणी परिसरातून एक वाचन

प्रस्तावना :
मराठी कथात्म साहित्यात शालेय जीवनाचे चित्रण वेळोवेळी आले आहे. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनने बालमनाचे एक स्वतंत्र जग वाचकांसमोर उभे केले, तर अनेक आत्मचरित्रांमध्ये शाळा हा पुढील आयुष्याकडे जाणारा एक टप्पा म्हणून आला. मात्र माध्यमिक शाळेतील एक वर्ष, त्या वर्षाचे वेळापत्रक, तास, सुट्ट्या, परीक्षा आणि त्यातून अवचित उद्भवणारे प्रसंग हाच ज्या कृतीचा गाभा आहे, अशी कादंबरी म्हणून मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीचे स्थान वेगळे आहे. तिच्या भाषेविषयी आणि पौगंडावस्थेच्या चित्रणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यातील ‘वर्षा’चा विचार मात्र तुलनेने कमी झालेला दिसतो. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणी आणि परिसरातील शालेय वर्ष डोळ्यांसमोर ठेवून या कादंबरीचे वाचन केले असता काय हाती लागते, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

शैक्षणिक वर्ष हाच कादंबरीचा घाट :
‘शाळा’चा निवेदक मुकुंद जोशी हा इयत्ता नववीतील विद्यार्थी आहे. सुऱ्या, चित्रे आणि फावड्या हे त्याचे सोबती. अर्धवट बांधकाम झालेली एक इमारत ही त्यांची बसण्याची जागा. आणि वर्गातील शिरोडकर ही त्याच्या मनोविश्वाचे केंद्र. या कादंबरीत रूढ अर्थाने मोठे कथानक नाही. शिक्षकांच्या लकबी, टोपणनावे, गृहपाठ, शिक्षा, मधली सुट्टी आणि शाळेला जाण्या-येण्याचा रस्ता यांच्या पुनरावृत्तीतून ती पुढे सरकते. ही पुनरावृत्ती कंटाळवाणी होत नाही, याचे कारण लेखकाने तिचा उपयोग पार्श्वभूमी म्हणून केला आहे. रोज तोच रस्ता असतो म्हणूनच एखाद्या दिवशी त्या रस्त्यावर शिरोडकर दिसणे ही घटना ठरते. रोज तोच वर्ग असतो म्हणूनच तिने मागे वळून पाहणे हे आश्चर्य ठरते. आश्चर्याला नित्यक्रमाची जमीन लागते, हे सूत्र या कादंबरीने नेमके ओळखले आहे.

राजकीय काळाच्या बाबतीतही हेच घडते. आणीबाणी २५ जून १९७५ रोजी, म्हणजे शाळा उघडण्याच्या दिवसांतच जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ पर्यंत टिकली. तेव्हाच्या विद्यार्थ्यांचे एक संपूर्ण शैक्षणिक वर्ष तिच्या छायेत गेले. कादंबरीत ती प्रामुख्याने मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकू येते. वर्गाबाहेरची मोठी शिस्त आणि वर्गातील लहान शिस्त या शेजारी शेजारी ठेवल्या जातात. लेखक त्यावर भाष्य करीत नाही. त्या संयमामुळेच सुऱ्या आणि केवडा यांचे प्रकरण मोठ्यांपर्यंत पोचते तेव्हा सत्तेचा धाक म्हणजे काय, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

माकणी परिसरातील शालेय वर्ष :
‘शाळा’ घडते ती मुंबईपासून फार दूर नसलेल्या एका गावात. तेथे जूनमध्ये सुरू झालेले वर्ष परीक्षेपर्यंत अखंड चालणार, हे गृहीत आहे. तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे ओळखल्या जाणाऱ्या माकणीच्या परिसरात शालेय दिनदर्शिका कागदावर तीच असते : जूनमधील प्रवेश, १५ ऑगस्टची प्रभातफेरी, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन, सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी, स्नेहसंमेलन आणि मार्चमधील शालान्त परीक्षा. परंतु या दिनदर्शिकेखाली दुसरी एक दिनदर्शिका चालू असते. ती पावसाची, सुगीची आणि ऊसतोडीच्या हंगामाची असते. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातील हजारो कुटुंबे कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. दुसरे सत्र नेमके याच काळात येते. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी शासनाला हंगामी वसतिगृहांची योजना आखावी लागली, यावरून या दुसऱ्या दिनदर्शिकेचे बळ लक्षात येते.

या भागाने अनुभवलेला सर्वांत मोठा खंड ३० सप्टेंबर १९९३ चा होय. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतील दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे दगावली. ते पहिल्या सत्राचे, सहामाही परीक्षा जवळ आल्याचे दिवस होते. पुढे पत्र्याच्या निवाऱ्यांत वर्ग भरले, हजेरी घेतली जाऊ लागली, घंटा वाजू लागली. ज्या वर्षात घरेच उरली नव्हती, त्या वर्षात शाळेची घंटा हेच आश्चर्य होते. नित्यक्रम आणि आश्चर्य यांची ‘शाळा’तील मांडणी येथे उलटी होते. नित्यक्रम ही सर्वांना आपोआप मिळणारी गोष्ट नसून ती मिळवावी लागते, याची जाणीव या भूमीवरून वाचणाऱ्याला होते.

मराठीतील दुसरी शाळा :
मराठी साहित्याला ही जाणीव नवी नाही. आनंद यादव यांच्या ‘झोंबी’त शाळेत बसायला मिळणे हाच संघर्ष आहे. शेतातील कामासाठी मुलाचे हात हवे असलेले वडील आणि पुस्तकाची ओढ असलेला मुलगा यांच्यातील झुंज तेथे वर्षानुवर्षे चालते. माकणीच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त तर शाळेत जाणे हेच समाजाच्या दृष्टीने विपरीत ठरते. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’ (२०१३) या चित्रपटात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि डुकरामागे धावणारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. शाळेचा नित्यक्रम भिंतीबाहेर पोचतो. परंतु भिंतीबाहेरच्या जब्याला तो आत घेत नाही.

या कृतींच्या शेजारी ठेवल्यावर ‘शाळा’ उणी ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अभावाचे चित्रण हेच वास्तव आणि मध्यमवर्गीय मुलाची घालमेल ही चैन, अशी विभागणी समीक्षेला उपकारक नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलालाही एखादी वर्गमैत्रीण आवडते. त्यालाही टोपणनावे ठेवण्याचा आनंद हवा असतो. वर्ष सुरक्षित असेल तर मुलाचे मन किती सूक्ष्म गोष्टी टिपू शकते, हे ‘शाळा’ दाखवते. त्या अर्थाने ती प्रत्येक मुलाला मिळायला हव्या असलेल्या वर्षाचे चित्र आहे.

शिरोडकरची रिकामी जागा :
कादंबरीची खरी मर्यादा अन्यत्र आहे. अखेरीस शिरोडकरचे कुटुंब गाव सोडून जाते. मुकुंदच्या दृष्टीने तो वर्षातील सर्वांत मोठा धक्का असतो आणि वाचकही त्याच्यासोबत हळवा होतो. परंतु शिरोडकर कोठे गेली, तिचे शिक्षण पुढे चालले का, तिला स्वतःला काय वाटत होते, हे प्रश्न निवेदनाच्या कक्षेत येत नाहीत. निवेदक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असल्याने ही मर्यादा कलादृष्ट्या समर्थनीय आहे. त्याला जे दिसत नाही ते लेखकाने दाखवले असते, तर निवेदनाचा सच्चेपणा ढळला असता. समीक्षकाला आणि शिक्षकाला मात्र तेथेच थांबता येत नाही.

कारण ग्रामीण भागातील नववी-दहावीच्या वर्गात मुलीची जागा रिकामी होणे, याचा अर्थ बहुधा बदली नसतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठरा वर्षांपूर्वी झालेले होते. बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा आहे. तरीही सुगीनंतरच्या लग्नसराईत एखादे नाव हजेरीपटावरून गळते. एस.टी.ची फेरी बंद झाली किंवा वस्तीवरून एकटीने येणे घरच्यांना धोक्याचे वाटू लागले, तरी तेच होते. अशा वर्गात ‘शाळा’ शिकवली जाते तेव्हा मुले मुकुंदच्या दुःखाशी चटकन एकरूप होतात. मुली गप्प असतात. ती शांतता हे या कादंबरीचे न लिहिलेले प्रकरण आहे. शिरोडकरच्या बाजूने ते वर्ष लिहून पाहा, असा स्वाध्याय दिला, तर कृतीचा सन्मान राखूनही तिची मर्यादा वर्गात उजेडात आणता येते.

समारोप :
शालेय वर्षाचा नित्यक्रम आणि त्यातील आश्चर्ये यांचे नाते ‘शाळा’ने मराठी कादंबरीत प्रथमच इतक्या तपशिलाने मांडले. माकणीसारख्या परिसरातून वाचताना त्या नात्याची दुसरी बाजू दिसते : जेथे वर्ष अखंड चालण्याची खात्री नाही, तेथे रोजची घंटाच मोलाची असते. महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात येऊन बसणारा प्रत्येक विद्यार्थी असे एखादे मोडते वर्ष ओलांडून आलेला असू शकतो आणि काही जणी ते ओलांडूच शकलेल्या नसतात. मुकुंदसमोर दहावीचे वर्ष उभे राहते आणि कादंबरी संपते. शिरोडकरच्या दहावीचे काय झाले, हा प्रश्न विचारण्याचे काम कादंबरीने वाचकावर सोडले आहे. रोज हजेरी घेणाऱ्या वाचकाने तरी तो टाळू नये.