कुर्क्युमिन आणि रसायनज्ञांचे सहकार्य : एक परीक्षण

सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले; सातारा जिल्ह्यातही हे पीक जुनेच आहे. साहजिकच हळदीतील पिवळे द्रव्य, कुर्क्युमिन, हा या भागातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आवडता विषय होय. या द्रव्याविषयी नेल्सन, पाउली, वॉल्टर्स व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये लिहिलेला आढावा एका वेगळ्या कारणासाठीही वाचावयास हवा. भिन्न शाखांच्या रसायनज्ञांनी एकत्र काम का करावे, याचे उत्तर त्यातून मिळते.

काम मोठे असते म्हणून ते वाटून घ्यावयाचे, हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. कामाच्या वाटणीने श्रम वाचतात. चूक टळतेच असे नाही. कुर्क्युमिन स्वतः प्रकाश शोषते, प्रकाश बाहेर टाकते आणि प्रथिनांशी संयोग पावते. त्यामुळे जैव कसोटीत त्याचा हा उपद्रवच गुण म्हणून नोंदला जाण्याचा संभव असतो. कसोटी घेणाऱ्याला जे यश वाटते, त्याविषयी रेणूची संरचना जाणणारा साशंक होतो. शरीराच्या उष्णतामानास व ७·२ पीएच असताना त्याचा बहुतांश भाग अर्ध्या तासात विघटित होतो, हे विक्रियांचा वेग मोजणारा सांगतो. बाजारातील ‘कुर्क्युमिन’मध्ये त्याची दोन भावंडे मिसळलेली असतात, हे विश्लेषकाला ठाऊक असते. १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्या झाल्या. परंतु रुग्ण व वैद्य या दोघांनाही औषधाची ओळख न देता, प्लासीबोशी तुलना करून घेतलेली एकही तोवर यशस्वी ठरली नाही, असा लेखकांचा निष्कर्ष आहे.

आढाव्यास मर्यादा आहे. त्याचा निर्णय वेगळ्या काढलेल्या द्रव्यापुरता आहे. संपूर्ण हळदीचा प्रश्न लेखकांनी खुला ठेवला असला, तरी घाईचा वाचक तोही निकालात काढील. हळद शिजविणे, वाळविणे, हरिपूरच्या पेवांसारखी साठवण यांनी द्रव्यांत काय पालट होतो, हे पाहण्यास कृषिरसायनज्ञच हवा.

तात्पर्य, सहकारी हा केवळ मदतनीस नसून आपला पहिला परीक्षक असतो. हळदीवरील प्रबंध सादर होण्यापूर्वी दुसऱ्या शाखेच्या अभ्यासकाने तो तपासावा, एवढा नियम आपल्या विभागांनी पाळला तरी पुष्कळ निष्फळ परिश्रम वाचतील.