जोडणी शिकवली, परिणाम राहिला

लॅपटॉप विभागाच्या नेटवर्कला कसा जोडावा, हे संगणकाच्या तासाला शिकवले जाते. त्या जोडणीचा शेजाऱ्याला काय उपद्रव होतो, हे मात्र सुटते. आमचा आक्षेप यालाच आहे. जुन्नर-आंबेगावच्या शिक्षकांना तर उदाहरण जवळच, खोडदला आहे. तेथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या दीर्घिकांच्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. संगणकातील जलद विद्युत्स्पंदांतूनही रेडिओलहरी निसटतात. तांब्याची तार त्या अँटेनासारखी पसरवू शकते. प्रकाशतंतू तसे करत नाही. दुर्बिणीचे संकेत केंद्राकडे प्रकाशतंतूंतून नेले जातात, ते उगाच नव्हे. शिक्षकांनी चालू लॅपटॉपजवळ मध्यमलहरींचा रेडिओ नेऊन खरखर ऐकवावी. नुसत्या व्याख्या घोकून हे विज्ञान मुलांच्या कानी पडणार नाही.