मधलं वाजवणारा माणूस

नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळाकडे निघाला की बँडच्या पुढच्या रांगेत क्लॅरिनेटशेजारी पितळेचे एक वाकडे वाद्य चमकत असे. नांदेडला आमच्या गल्लीत त्याला सॅक्सोफोन कोणी म्हणत नव्हते. ‘मोठी पिपाणी’ म्हटले की भागायचे. पुढे नोकरीसाठी लातूरला आलो आणि मराठवाड्यातल्या बँडवादनावर टिपणे काढू लागलो, तेव्हा गंजगोलाईच्या पलीकडे राहणारे, सत्तरी ओलांडलेले एक सॅक्सोफोनवादक भेटले. डीजे आल्यापासून त्यांच्या तारखा कमी झाल्या आहेत, पण वाद्य रोज पुसले जाते. चांगला वाजवणारा कसा ओळखायचा, असे मी विचारले. ते म्हणाले, “गाणं समद्यालाच येतंय, सर. मधलं बराबर वाजलं की मंग पब्लिक वळखतंय.”

‘मधलं’ म्हणजे दोन कडव्यांच्या दरम्यानचे वाद्यांचे तुकडे. त्यांनी लगेच ‘रूप तेरा मस्ताना’मधला तुकडा वाजवून दाखवला. हा कोणाचा, असे विचारल्यावर उत्तर आले, “किशोरकुमारचा.”

गायले किशोरकुमार, संगीत सचिनदेव बर्मन यांचे. पण ‘आराधना’तला (1969) तो सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा. ज्याचे वाजवणे चाळीस वर्षे वरातीत वाजवले, त्याचे नाव वाजवणाऱ्याला ठाऊक नव्हते. यात त्यांचा दोष नाही. तबकडीच्या लेबलावर गायक, संगीतकार, गीतकार आणि चित्रपट मावत. वादकाला जागा नसे. माझी तक्रार आहे ती आपल्या समीक्षेबद्दल. चित्रपटसंगीतावर मराठीत रकानेच्या रकाने लिहिले गेले, ते बहुतेक गायकांवर आणि चालींवर. वादकाचा उल्लेख आला तर आठवणींच्या लेखात, किस्सा म्हणून. त्याच्या वाजवण्याचा विचार करावा, असे आपल्याला फारसे वाटले नाही.

मनोहारी सिंग यांचा जन्म 1931चा, कलकत्त्याचा. कुटुंब मूळचे नेपाळी आणि घरात बँडचे वादन. बाटा कंपनीच्या बँडमध्ये ते लहान वयात दाखल झाले, पाश्चात्त्य स्वरलिपी शिकले, बासरी शिकले, पुढे कलकत्त्याच्या हॉटेलांमध्ये रात्री जॅझ वाजवू लागले. सलील चौधरी यांच्या सांगण्यावरून 1958 साली ते मुंबईला आले. तोवर सॅक्सोफोन हिंदी चित्रपटात रुळला होता. ‘शहनाई’ (1947) आणि ‘अलबेला’ (1951) ऐकावेत: पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, गोव्याच्या वादकांना हाताशी धरून जॅझचे रंग चालीत उतरवले होते. पण त्या काळातले सॅक्सोफोन बहुधा ताफ्याने येतात, नाचायला लावतात. मनोहारींच्या हातात ते वाद्य एकट्याने बोलू लागले.

‘काश्मीर की कली’तले (1964) ‘है दुनिया उसी की’ पुन्हा ऐकावे. संगीत ओ. पी. नय्यर यांचे, नायक मद्यधुंद. मोहम्मद रफींची ओळ संपते आणि त्या संपण्यातच सॅक्सोफोन उगवतो. तो चालीची नक्कल करीत नाही. गायकाने जे सांगायचे टाळले, ते तो सांगतो. ‘आरज़ू’तल्या (1965) ‘बेदर्दी बालमा’त प्रकार वेगळा. लताबाईंचा बारीक, ताणलेला आवाज आणि त्याच्याखाली हा जाड, दमट स्वर. दोघांत स्पर्धा नाही, पण सॅक्सोफोन काढून टाका, गाण्यातले धुके निघून जाईल. ‘गाइड’मधल्या (1965) ‘गाता रहे मेरा दिल’मध्ये हाच माणूस मोकळा, हसरा वाजवतो. तिघे संगीतकार निराळे. तरी सुरावर येण्याची पद्धत एकच: स्वर ठोकून न लावता जरा खालून, फुंकरीने उचलायचा. या तीन गाण्यांतून मला तरी एकच वादक ऐकू येतो, तीन नोकऱ्या नव्हेत.

त्यांचे नाव जेव्हा छापले गेले तेव्हा काय झाले, हे पाहणे अधिक बोधक आहे. चित्रपटगीतांच्या सॅक्सोफोनवरच्या धुना त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. पाकिटावर नाव मोठे, वादन सफाईचे, खपही चांगला असणार. पण या धुनांत सॅक्सोफोन गायकाच्या खुर्चीवर बसतो. मुखडा तोच वाजवणार, अंतराही तोच. ज्याला उत्तर द्यायचे तो गायकच नसल्याने मनोहारींचे बोलणे संपते. नाव नसताना हा वादक जितका स्वतःचा होता, तितका नाव आल्यावर राहिला नाही, असे मला म्हणावे लागते. संयोजक म्हणूनही त्यांनी बासू चक्रवर्तींबरोबर राहुलदेव बर्मन यांच्याकडे वर्षानुवर्षे काम केले. ‘सबसे बडा रुपय्या’ला (1976) या जोडीने संगीतही दिले. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अपवाद एकच, आणि तो 1968चा: शंकर-जयकिशन यांची ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही तबकडी. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, मियाँ मल्हार, बैरागी ते थेट भैरवी असे अकरा राग. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, शिवाय तबला. लंडनमध्ये जॉन मेयर आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी 1966 साली ‘इंडो-जॅझ स्वीट’ काढली होती. दोन वर्षांत मुंबईने तिच्या पद्धतीने उत्तर दिले. (ब्राझ गोन्साल्विस या गोमंतकीय सॅक्सोफोनवादकाची ‘रागा रॉक’ आली 1970 साली.)

मराठी श्रोता या तबकडीवर पहिला आक्षेप काय घेणार, ते सांगायला नको: आलाप कुठे आहे? हा आक्षेप मला गैरलागू वाटतो. एका एलपीवर अकरा राग म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे येणार, हे उघड आहे. खरी अडचण वाद्याची आहे. सॅक्सोफोनच्या चाव्या स्वराला ठरल्या जागी धरून ठेवतात. ओठ सैल सोडले तर स्वर खाली ओघळतो, वर मात्र फारसा चढत नाही. भैरवातला आंदोलित कोमल रिषभ रईस खाँ तार ओढून सहज झुलवतात. मनोहारी तसला हट्ट धरीत नाहीत. सतारीची नक्कल न करता ते तिच्या वाक्याला आपले वाक्य जोडतात, म्हणजे रफींशी जे केले तेच सतारीशी. म्हणून कलावतीसारखा पाच स्वरांचा, आंदोलनाचा आग्रह न धरणारा राग त्यांना अधिक मानवतो. तिथे जॅझचा वादक घरी आल्यासारखा वाटतो. उणीव अशी की त्यांचा विचार जरा सुरू झाला की तुकडा संपतो. तीन मिनिटांच्या गाण्यांची सवय इथेही सुटलेली नाही.

सॅक्सोफोनला सवड मिळाली तर काय होते, ते ऐकायला रुद्रेश महंतप्पा यांची ‘किन्समेन’ (2008) आहे. अमेरिकेत वाढलेला हा जॅझवादक आणि कर्नाटक संगीतासाठी सॅक्सोफोन अक्षरशः वाकवून घेणारे कद्री गोपालनाथ समोरासमोर बसतात. गोपालनाथांनी त्याच चाव्यांवर गमक काढले. मनोहारींना ते जमले नसते, असे नाही. मुंबईच्या स्टुडिओत घड्याळ होते.

2010 साली मनोहारी सिंग गेले. यंदा पावसाळ्यात मी ‘रागा-जॅझ स्टाइल’ फोनवर घेऊन पुन्हा गंजगोलाईकडे गेलो. म्हातारबुवांनी तोडी ऐकली, भैरव ऐकला. सॅक्सोफोन सुरू झाला की त्यांची बोटे गुडघ्यावर चालू लागत. “हेच ते,” मी सांगितले, “रूप तेरा मस्तानावाले.” त्यांनी मान डोलावली, फोन कानाशी धरून कलावती संपूर्ण ऐकला आणि फोन माझ्या हातात परत दिला.

“भारी वाजवतंय, सर,” ते म्हणाले. “पण हे समदं मधलंच हाय की. गाणं कवा सुरू व्हतंय?”