ड्युरॅक घराण्याचा कुलवृत्तांत : कागदांच्या दोन मौनांविषयीं

ऑस्ट्रेलियांत जाऊन स्थायिक झालेल्या आयरिश घराण्यांचे जे कुलवृत्तांत आजवर प्रसिद्ध झाले, त्यांत मेरी ड्युरॅक ह्यांच्या ‘किंग्ज इन ग्रास कॅसल्स’ ह्या ग्रंथाचें स्थान फार वरचें आहे. ‘गवती किल्ल्यांचे राजे’ असा त्या नांवाचा अर्थ होईल. ग्रंथ १९५९ सालीं निघाला. त्याचें पुढील अनुसंधान असलेला ‘सन्स इन द सॅडल’ हा ग्रंथ १९८३ सालीं बाहेर पडला. इतक्या जुन्या ग्रंथाचें परीक्षण आतां कशाला, असें कोणी विचारील. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं एखाद्या घराण्याचें दप्तर असतें, आणि कधीं ना कधीं त्याचा वृत्तांत लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर येतो. ह्या ग्रंथाची लेखिका त्याच घराण्यांतील असून पत्रें, हिशेब, रोजनिशा व वडील माणसांच्या आठवणी अशीं सर्व साधनें तिच्या हातीं होतीं. इतकें असल्यावर कागद काय सांगतात हें पाहणें सोपें. ते कोठें गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हें पाहणें कठीण. प्रस्तुत परीक्षण त्या कठीण भागापुरतेंच आहे.

प्रथम कथाभाग थोडक्यांत सांगतों. पॅट्रिक ऊर्फ पॅट्सी ड्युरॅक हा १८३४ सालीं आयर्लंडांतील क्लेअर परगण्यांत स्कॅरिफ गांवाजवळ जन्मला. बाप मायकेल हा दुसऱ्याची जमीन कसणारें कूळ. १८४५ पासून बटाट्याचें पीक कुजून जो भयंकर दुष्काळ पडला, त्याच्या पाठोपाठ, म्हणजे १८५३ सालीं, हें कुटुंब न्यू साउथ वेल्स वसाहतींत आलें. तेथें पाय टेकून दोन महिने होतात न होतात तोंच बाप अपघातांत मेला, आणि एकोणीस वर्षांच्या पॅट्सीवर घराचा भार पडला. त्यानें ओव्हन्स नदीकाठच्या सोन्याच्या खाणींवर दीड वर्ष काढून एक हजार पौंड मिळविले व गोलबर्नजवळ जमीन घेतली. १८६३ सालीं मेहुणा जॉन कॉस्टेलो ह्यास घेऊन नैऋत्य क्वीन्सलंडांत गुरें नेण्याचा केलेला पहिला प्रयत्न अवर्षणानें फसला. परंतु पांचएक वर्षांनीं कूपर्स क्रीकच्या एका उपनदीवर थायलंग्रा येथें त्यानें तळ दिला. १८८३ सालीं ७,२५० गुरें व २०० घोडे ह्यांचे तांडे क्वीन्सलंडांतून वायव्येकडील किंबर्ली प्रांताच्या रोखानें निघाले. सुमारें ३,००० मैलांची वाट तुडवून १८८५ सालीं ते ऑर्ड नदीवर पोंचले, तेव्हां निम्मींच गुरें उरलीं होतीं. पुढें लौकरच क्वीन्सलंडांतील मालमत्ता हातची गेली, आणि १८९८ सालीं पॅट्सी फ्रीमँटल येथें वारला. किंबर्लींतील राज्य त्याचा मुलगा मायकेल पॅट्रिक (१८६५–१९५०) ह्यानें चालविलें. मेरीबाई (१९१३–१९९४) ही त्याची कन्या.

आतां पहिलें मौन. ह्या घराण्याचें आयर्लंडांतील मूळ शोधूं जाणाऱ्यास काय मिळतें? १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या आयरिश शिरगणत्यांचे बहुतेक सर्व कागद डब्लिन येथील फोर कोर्ट्सच्या इमारतींत ठेविलेले होते. ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धाच्या आरंभीं ते दप्तरखान्यासह जळाले. त्यापुढील १८६१ ते १८९१ च्या गणत्यांचे कागद सरकारनेंच नष्ट केले होते. अशा स्थितींत संशोधक ज्या साधनाकडे धांव घेतो तें म्हणजे रिचर्ड ग्रिफिथ ह्याची जमीनमोजणी व सारा-आकारणी. तींत प्रत्येक कुळाचें नांव येतें. पण क्लेअर परगण्याची ही आकारणी १८५५ सालीं छापली गेली, आणि ड्युरॅक मंडळी त्यापूर्वीं दोन वर्षें जहाजावर चढलीं होतीं. आयर्लंडांत सर्व धर्मांच्या लोकांचे जन्ममृत्यु सरकारी वहींत नोंदण्याची पद्धत १८६४ सालीं सुरू झाली; न्यू साउथ वेल्समध्यें ती १८५६ सालीं सुरू झाली. बाप मेला तो १८५३ सालीं. म्हणजे मूळपुरुष मायकेल हा जुन्या देशांतील मोठ्या नोंदवहीच्या अगोदर निघाला आणि नव्या देशांतील नोंदवहीच्या अगोदर मेला. दोन वह्यांच्या मधल्या फटींत तो पडला. चर्चच्या पुस्तकांतील एखादी ओळ किंवा जहाजाची यादी हाच काय तो आधार. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २०१५ सालीं जुनीं कॅथलिक चर्चपुस्तकें सर्वांस पाहण्यासाठीं खुलीं केलीं, आणि जळालेल्या दप्तराच्या नकला जगभर शोधून २०२२ सालीं एक आभासी दप्तरखाना उभारण्यांत आला. परंतु मेरीबाई लिहीत होत्या तेव्हां ह्यांपैकीं कांहींच नव्हतें.

अशा ठिकाणीं लेखिकेनें घरांतील परंपरेचा आश्रय घेतला, ह्यांत दोष नाहीं. न्यायशास्त्रांत ‘ऐतिह्य’ म्हणून एका प्रमाणाची चर्चा आहे. मूळ सांगणारा कोण हें ठाऊक नाहीं, पण वाडवडिलांपासून ऐकत आलों, असें जें ज्ञान तें ऐतिह्य. अमक्या वडावर यक्ष राहतो, हें त्याचें नेहमींचें उदाहरण. पौराणिक त्यास स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक तें शब्दप्रमाणांत घालतात आणि सांगणारा आप्त आहे कीं नाहीं हें पाहावयास लावतात. कुलवृत्तांत लिहिणारानें नैयायिकांची बाजू घ्यावी, असें मला वाटतें. पूर्व क्लेअरमध्यें ओगोनेलो भागांत ओ’दुब्राइक नांवाचें एक जुनें सरदार कुल होतें, आणि ड्युरॅक हें आडनांव त्याचेंच रूप. एवढें भाषाशास्त्रानें पटतें. पण म्हणून स्कॅरिफजवळचें एक कूळ त्या सरदारांचा प्रत्यक्ष वंशज ठरत नाहीं. आमच्याकडील वंशावळी सूर्यापासून निघून चार उड्यांत पणजोबापर्यंत येतात, त्यांतलाच हा प्रकार.

ग्रंथाचा गुण असा कीं, ऐतिह्याचा रस त्यांत टिकला आहे. माणसें बोलतात, भांडतात, घोड्यांवरून पडतात. तांड्याबरोबरचे ते दोन वर्षांहून अधिक काळाचे हाल वाचकाच्या डोळ्यांपुढें उभे राहतात. मात्र ह्याच गुणाच्या पोटांत दोष आहे. शंभर वर्षांपूर्वींचे संवाद शब्दशः दिलेले असतात, आणि त्यांतील कोणता पत्रावरून, कोणता आठवणीवरून व कोणता लेखिकेच्या कल्पनेवरून, हें वाचकास वाक्यागणिक कळत नाहीं. बखरकारानें दरबारांतील भाषणें द्यावीं, तसें हें झालें आहे. बखर वाचावी आनंदानें. पण तारीख व नांव ह्यांसाठीं असल कागद पाहावा, हा आपला जुना धडा येथेंही लागू पडतो. त्यासाठीं सोय आहे. ह्या कुटुंबाचे कागद पर्थ येथील सरकारी ग्रंथालयाच्या बॅटी संग्रहांत आहेत.

आतां दुसरें मौन, आणि माझ्या मतें ग्रंथाची खरी परीक्षा येथें आहे. १८८५ नंतर ड्युरॅक घराणें कागदांत बुडालेलें आहे. मायकेल पॅट्रिक हा दीर्घकाळ रोजनिशी ठेवणारा मनुष्य. गुरें किती विकलीं, पाऊस कधीं पडला, कोण भेटावयास आलें, हें सर्व लिहिलेलें. ज्या भूमीवर हें चाललें होतें ती मिरिवुंग, गाजिरॉंग, गिजा इत्यादि लोकांची. १८८६ सालीं जॉन ड्युरॅक भाल्यानें मारला गेला. त्याचें नांव, नातें, मरणाची जागा हीं सर्व नोंदलेलीं आहेत. त्यानंतर सूड घेण्यास निघालेल्या गोऱ्यांच्या हातून जे मेले, त्यांचीं नांवें त्यांच्याच लोकांच्या स्मृतींत राहिलीं असतील तेवढींच.

येथें न्यायमीमांसांतील दुसरें एक तत्त्व उपयोगी पडतें. एखादी वस्तु दिसली नाहीं, एवढ्यावरून ती नाहीं असें म्हणतां येत नाहीं. ती असती तर दिसलीच असती अशी स्थिति असेल, तरच न दिसणें हा पुरावा होतो. ह्यास योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधारांत घट दिसला नाहीं ह्यावरून कांहीं ठरत नाहीं. दिव्याच्या उजेडांत दिसला नाहीं, तर तो नाहीं हें ठरतें. आयर्लंडांतील मौन हें अंधारांतील आहे. तेथें वही जळाली, किंवा वही होण्यापूर्वींच माणूस निघून गेला. त्या मौनावरून कांहीं अनुमान करूं नये. किंबर्लींतील मौन दिव्याखालचें आहे. लिहिणारा रोज लिहीत होता, शाई होती, वेळ होता. तरी कांहीं माणसें नांवानिशीं आलीं नाहींत. ह्यावरून तीं माणसें नव्हतीं असें नव्हे, तर लिहिणारास तीं नोंदण्याजोगीं वाटलीं नाहींत असें ठरतें. घराण्याच्या वृत्तांतांत हीं दोन मौनें सारखींच मानून चालणें ही मोठी चूक होय. मेरीबाईंनीं ती सर्वस्वीं टाळली असें म्हणवत नाहीं.

त्यांना न्याय देण्यासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्यांच्या काळच्या इतर वृत्तांतकारांपेक्षां त्यांचें मन पुष्कळ मोकळें होतें. कूपर्स क्रीककडील बूनथामुर्रा लोकांपैकीं एक मनुष्य पॅट्सीच्या मागोमाग थेट किंबर्लीपर्यंत आला आणि तेथेंच मरेपर्यंत राबला. गुरें, घोडे, लोहारकाम, सर्वांत तो वाकबगार. मेरीबाई त्याचें ऋण मनापासून मानतात आणि त्याच्याविषयीं पानेंच्या पानें लिहितात. पण ग्रंथांत तो भेटतो तो ‘पम्पकिन’, म्हणजे भोपळा, ह्या गोऱ्यांनीं ठेवलेल्या नांवानें. प्रेम आहे, नांव नाहीं. मूळनिवासी गुराख्यांस मजुरीऐवजीं पीठ, मांस, तंबाखू व कपडे देण्याची चाल गुरांच्या मुलखांत सर्वत्र होती. बरोबरीच्या वेतनाचा निवाडा १९६६ सालीं झाला व त्याची अंमलबजावणी १९६८ च्या अखेरीस सुरू झाली. ज्याचा पगार हिशेबांत नाहीं त्याचें नांव हिशेबांत कोठून येणार? मौनाचें एक कारण असें अगदीं रोकड स्वरूपाचें आहे.

ह्या कथेचा शेवट ग्रंथाबाहेर घडला. मेरीबाईंचा भाऊ किंबर्ली ह्यानें १९४१ सालीं ऑर्डच्या पाण्यावर शेतीचे प्रयोग आरंभिले. त्याच नदीवरील मोठ्या धरणाचें उद्घाटन १९७२ सालीं झालें आणि त्याच्या तलावाखालीं घराण्याचें आर्गाइल हें ठाणें गेलें. हें नांव पॅट्सीनें गोलबर्नकडील परगण्यावरून दिलेलें, आणि त्या परगण्यास तें स्कॉटलंडावरून मिळालेलें. आर्गाइलचें दगडी घर मात्र वांचविण्यांत आलें. दगड सुटे करून तें दुसरीकडे पुन्हां रचलें व १९७९ सालीं संग्रहालय म्हणून उघडलें. मिरिवुंग लोकांचीं पवित्र स्थळें त्याच पाण्याखालीं गेलीं. तीं उचलून नेतां येण्याजोगीं नव्हतीं, आणि पाणी सोडतांना त्या लोकांस कोणी विचारलेंही नाहीं.

परंतु पुढें एक चमत्कारिक न्याय झाला. मिरिवुंग-गाजिरॉंग लोकांनीं आपल्या भूमीवरील हक्कासाठीं १९९४ सालीं दावा लावला. १९९८ सालीं संघन्यायालयाचा निकाल झाला, २००२ सालीं उच्च न्यायालयानें त्यांतील कांहीं भाग फिरविला, आणि २००३ सालीं हक्काचा अंतिम निर्णय झाला. ह्या कामांत वृद्धांनीं तोंडी सांगितलेल्या वंशपरंपरा व स्थळांच्या कथा पुरावा म्हणून घेतल्या गेल्या आणि उलटतपासणींतून गेल्या. बूनथामुर्रा लोकांचा क्वीन्सलंडांतील हक्कही २०१५ सालीं मान्य झाला. म्हणजे ज्या ऐतिह्यावर मेरीबाईंनीं आपल्या पणजोबा-आजोबांचें आयर्लंड उभें केलें, त्याच जातीचें ऐतिह्य दुसऱ्या बाजूनें न्यायालयांत उभें राहिलें. सांगणारा समोर होता, त्यास प्रश्न विचारतां येत होते. नैयायिकांच्या कसोटीस तें ड्युरॅकांच्या सरदारकीपेक्षां अधिक उतरतें, हें मान्य केलें पाहिजे.

म्हणून वाचकांस सुचवावेंसें वाटतें तें एवढेंच. हा ग्रंथ अवश्य वाचावा. कूळ म्हणून हांकलला गेलेला मनुष्य दुसऱ्याची भूमि आपली कशी म्हणूं लागतो, हें इतक्या जवळून सांगणारे ग्रंथ थोडे. परंतु आपण स्वतः दप्तर चाळावयास बसलों म्हणजे सनदा व पत्रें बाजूस काढून गडीमाणसांचीं टिपणें, शेराधान्याच्या याद्या, मजुरीच्या चिठ्या रद्दींत टाकूं नयेत. तेथें एखादें नांव असेल तर तें उतरून घ्यावें, आणि नसेल तर ‘नांव नाहीं’ असें लिहून ठेवावें. पुढें कोणी विचारावयास येईल, तेव्हां अंधारांतलें मौन कोणतें व दिव्याखालचें कोणतें हें त्यास निदान त्यावरून कळेल.