पावलं मोजली, ओल राहून गेली

संशोधनात काय मोजायचं हे कसं ठरतं, ते बघायचं असेल तर ख्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकन लेखिकेचं 'द न्यू हाउसकीपिंग' (१९१३) जरूर वाचा. टेलर कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली मोजत होता. बाईंनी तीच पद्धत स्वयंपाकघरात आणली. भांडी कुठे, शेगडी कुठे आणि त्यापायी किती येरझाऱ्या, हे त्यांनी नकाशावर रेघा ओढून दाखवलं. घरकाम हे काम आहे आणि ते मोजता येतं, हे तेव्हा ठासून सांगणं मोठीच गोष्ट. आजच्या मॉड्युलर किचनमागेही हाच विचार आहे.

आता तेच घर लोणावळ्यात मांडून बघा. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैत इथे वेळ चालण्यात जात नाही, वाळवण्यात जातो. कपडे, अंथरुणं, कपाटातली बुरशी पुसणं. पावलं वाचावीत म्हणून कपाट हाताशी, बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलंत. समजा खोलीत २५ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता आहे. कपाटामागची भिंत २२ अंशांवर असली, तर तिथे तीच आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. ८० च्या पुढे बुरशीला रान मोकळं!

पूर्वी चुलीवरच्या माळ्यावर सामान कोरडं राहायचं. पण तोच धूर बाईच्या छातीतही जायचा. त्यामुळे 'जुनं ते सोनं' हेही उत्तर नाही.

मग फ्रेडरिकबाईंचं मोजमाप चुकलं का? नाही. अडचण व्याख्येत आहे. 'सोयीचं घर म्हणजे कमी पावलं' यात हवामान येतच नाही. याच मावळ तालुक्यातलं तळेगाव रेल्वेने तीसेक किलोमीटरवर, पण पाऊस लोणावळ्याच्या निम्म्याहून कमी. तिथे हीच मांडणी कदाचित खपून जाईल. मग तळेगावात तपासलेला निष्कर्ष लोणावळ्याला लावायचा का?

प्रपोजल लिहिताना स्वतःला एवढं विचारा: मी हे व्हेरिएबल महत्त्वाचं आहे म्हणून मोजतोय, की मोजायला सोपं आहे म्हणून? आणि माझ्या यादीत नसलेलं कष्टाचं काम कोण करतंय?

कपाटाचं म्हणाल तर ते आतल्या भिंतीकडे हलवा, मागे चार बोटं जागा सोडा. दोन पावलं जास्त पडतील. पडू द्या.